जाणून रांधलेले बांगडे

थोरले भावोजी नोकरी संपवून मुंबईहून कायमचे गावी आले आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली शर्टाच्या खिशात. सकाळी अंघोळ झाली की ते पाटावर बसायचे, कपाट उघडायचे आणि दिवसाचे तांदूळ, डाळ, तेल मोजून ओट्यावर मांडायचे. मग पुन्हा कुलूप. चौदा वर्षं त्या ओट्याशी मी उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

आमचं घर जामसंड्याला. नवरा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. होड्या समुद्रात असतात तोवर काम असतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की त्याचे हातही रिकामे. हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला कळलं आणि दुसऱ्या वर्षापासून मी घर चालवायला शिकले. एप्रिल-मे महिन्यांत आगोटीची बेगमी करायची, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढं आधीच भरून ठेवायचं. सुके बांगडे, सुकट, आमसुलं, मिरच्या भाजून घरी कांडलेला मसाला, दोरीला बांधून टांगलेले कांदे. कुळीथ वालावलहून माझा भाऊ पाठवायचा. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवल्या की श्रावणापर्यंत टिकायच्या. रेशनचा जाडा तांदूळ भाताला कुणी खात नाही, पण आंबोळीला त्याच्यासारखा दुसरा नाही. नारळ फोडला की पहिलं दूध सोलकढीला, उरलेला चोथा कुठल्यातरी पालेभाजीत. वाटपात भाजलेला कांदा जरा जास्त घातला की एका नारळात पाच माणसांची आमटी दाट व्हायची आणि जेवणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

पत्ता लागायचा नाही, हीच खरी गंमत होती आणि त्यातच माझा घात झाला. ताटात जे दिसतं ते कपाटातून येतं, असंच घरातल्या प्रत्येकाला वाटत राहिलं.

भावोजींनी मुंबईत एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं होतं. एरवी ते आमच्यासारखंच मालवणी बोलायचे, पण सामानाची गोष्ट निघाली की ऑफिसातल्या मराठीत शिरायचे.

"सात माणसांना रोज एक अख्खा नारळ?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं. "मुंबईत आम्हाला आठवड्याला एक पुरत होता."

"मग आमटीत काय घालत होतात?" मी म्हटलं.

"पाणी," जाऊबाई म्हणाल्या. त्या ते अगदी सहज बोलून गेल्या. भावोजींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यानंतर दोन दिवस त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून अर्धा नारळ. परसात आमचे पाच माड, नारळ घरचे. पण भावोजींनी पाडप्याला बोलावून सगळे काढून घेतले आणि विकले. शेजाऱ्यांना सांगितलं, "आमची धाकटी सून जरा उधळी आहे. मी आलो म्हणून बरं." शेजारणीनं ते त्याच संध्याकाळी विहिरीवर माझ्या कानावर घातलं. उधळी. मी. सुक्या बांगड्याचं डोकंही मी कधी टाकलं नव्हतं, भाजून चटणीत कुटत होते.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मोठो भाऊ आसा. चार दिवस करूक दी तेका. आपसूक कंटाळतलो."

"आणि नाय कंटाळलो तर?"

"तर बघू." तो कूस बदलून झोपला. भांडण आलं की तो असाच झोपतो.

त्या रात्री मी ठरवलं. भावोजी मोजून देतील तेवढंच रांधायचं. माझ्याकडचं काही त्यात घालायचं नाही. कुळीथ नाहीत, आठळ्या नाहीत, शेवग्याचा पाला खुडायला जायचं नाही. मासे विकायला येणाऱ्या बाईला आमसुलं देऊन त्याबदली माशांचा वाटा घ्यायचा, तेही बंद. चौदा वर्षं मी गुपचूप घातलेली भर मी गुपचूप काढून घेतली.

आठ दिवसांत ताट उतरलं. वरणाखाली ताटाची नक्षी दिसायला लागली. तेल त्यांनी पंधरा किलोचा डबा आणला होता, स्वस्तातलं. त्यात काहीही तळलं तरी सगळ्याला एकच वास. पन्नास किलो तांदळाचं पोतं कुठल्याशा मोठ्या दुकानातून घेतलं होतं, त्यात महिन्यात टोके झाले. मी ते निवडले नाहीत. जाऊबाई निवडत बसायच्या, भिंतीकडे तोंड करून.

भावोजींनी कबूल केलं का? छे. महिना संपला तेव्हा डब्यात उरलेलं तेल त्यांनी नवऱ्याला नेऊन दाखवलं. "बघ. नियोजन असलं की होतं."

माझी मुलं मात्र उपाशी नव्हती. शाळेतून आली की मागच्या दारी पायरीवर बसवून मी त्यांना आंबोळी नाहीतर पिठी-भात द्यायचे. माझं सामान मी गोठ्यातल्या जुन्या पेटीत हलवलं होतं. गोठ्यात गुरं नाहीत आता, तिकडे कुणी जात नाही. मुलीला बजावलं होतं, आजीला हे सांगायचं नाही. ती आठवीत. तिला सगळं कळत होतं. खाताना ती माझ्याकडे बघायची आणि मी भांडी घासत राहायचे.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. दात नव्हते. दुपारी पेज, संध्याकाळी मऊ भातावर कुळथाची पिठी, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं जेवण. एका संध्याकाळी त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"पिठी करूक नाय ती ह्या दिसांत?"

"कुळीथ संपले," मी म्हटलं.

त्यांनी ताट परत ओढलं. पाणीदार वरण भातावर ओतून घेऊन जेवल्या. गोठ्यातल्या पेटीत तेव्हा सहा किलो कुळथाचं पीठ होतं. मला वाटत होतं की त्यांना उपास घडला तर त्या मुलाला दोन शब्द सुनावतील. मुलगा ऐकेल तर त्यांचंच ऐकेल. माझ्या भांडणात मी एका म्हाताऱ्या बाईच्या पोटाचा वापर करत होते, हे तेव्हा मी स्वतःला अशा शब्दांत सांगितलं नव्हतं.

पावसाळा सरला, होड्या बाहेर पडल्या. भावोजींनी कुणाकडून तरी जुना डीप फ्रीझर घेतला आणि पडवीत बसवला. त्यांचं म्हणणं असं, की भाव पडले की क्रेट भरून मासे घ्यायचे आणि महिनाभर खायचे. ऐकायला चुकीचं नव्हतं. पण आमच्याकडे वारा जोरात सुटला की वीज जाते, आणि गेली की कधी येईल ते कुणी सांगत नाही. मी हे एकदाच बोलले, मासे नासतील म्हणून.

"मुलं आजारी पडतील असं बोलू नये," ते म्हणाले. मी मुलांचं नावही घेतलं नव्हतं.

एके दिवशी बंदरावर बांगड्यांचा पूर आला. सगळ्या होड्या भरून आल्या, भाव मातीमोल. भावोजी क्रेट घेऊन आले. मासे तेव्हा चांगले होते, हे मी कबूल करते. डोळे चमकत होते, अंग ताठ. मी म्हटलं असतं की यातले अर्धे आजच मीठ लावून सुकवू या, तर ते सोनं झालं असतं. मला सगळं येत होतं. मी म्हटलं नाही. उधळी सून गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी वादळी वारा आला आणि वीज गेली. पूर्ण दोन दिवस नव्हती. भावोजी फ्रीझरपाशी कुणाला फिरकू देत नव्हते. "झाकण उघडायचं नाही. आत बर्फ आहे अजून." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकणाच्या फटीतून लालसर पाणी ओघळून पडवीच्या फरशीवर आलं. जाऊबाईंनी ते फडक्यानं पुसलं. मी बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं.

वीज आली, सगळं पुन्हा गोठलं, आणि गोठल्यावर वास मेला. चार दिवसांनी भावोजींनी बारा बांगडे काढून ओट्यावर ठेवले.

"आज तिखलं कर. आणि थोडे तळ."

नवरा त्या दिवशी विजयदुर्गला एका बोटीच्या कामाला गेला होता. घरात आम्ही सहाजण. मी बांगडे पाण्यात टाकले. सुटे झाले तसे कळत गेले. कल्ले तपकिरी. पोटं फुटलेली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. डोळे पांढरे, आत गेलेले. असा मासा मी मांजरालाही घातला नसता.

मी हात धुतले आणि पडवीच्या दारात गेले. भावोजी पेपर वाचत होते.

"भावोजी, मासे बघून जावा एकदा."

त्यांनी पेपर खाली केला नाही. "मी बघूनच घेतले होते. आता तुझं काम कर. एक माणूस आणतो आणि दुसऱ्याने नाक मुरडायचं, हे या घरात पुरे झालं."

मी एकदा सांगितलं. पुढे कितीतरी वेळा मी याचा आधार घेतला, की मी सांगितलं होतं. पण मासे बघून जा आणि हे मासे विषारी झालेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मुद्दाम पहिली बोलले. दुसरी तोंडात असताना गिळली. मनात म्हटलं, खा. तुमचेच मासे, तुमचंच नियोजन, खा पोटभर.

तिखल्याच्या रश्शात मी तिरफळं घातली, आमसुलं घातली, हळद, मिरची सढळ घातली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी माझ्याकडचा मसाला काढला. वास झाकायला. त्या घरात मी इतकं मन लावून कधी रांधलं नसेन. मुलांना आधीच मागच्या दारी पिठी-भात दिला होता आणि मुलीला दरडावून सांगितलं होतं, की पोट भरलंय म्हणायचं, माशाला हात लावायचा नाही. सासूबाई काट्यामुळे बांगडा खात नसत. म्हणजे उरले भावोजी आणि जाऊबाई. जाऊबाईंचा विचार माझ्या मनात आला होता. मी तो बाजूला ठेवला.

मी ओट्याशी तळत होते आणि जाऊबाई वाढत होत्या. बाहेरून भावोजींचा आवाज आला, "वा! आज कसं जमलं?" मला तेव्हा आनंद झाला. खरंच झाला. शेवटची तुकडी घेऊन मी बाहेर आले तर सासूबाई पाटावर बसलेल्या आणि त्यांच्या ताटात तिखल्याचा रस, त्यात काटे काढून कुस्करलेला बांगडा.

"वास इलो म्हणान म्हटलंय, माका पण दी गो इल्लोसो," त्या जाऊबाईंकडे बघून हसत म्हणाल्या. "किती दिसांनी जिभेक चव लागली."

ताट अर्धं झालं होतं.

मी ते ओढून घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "आई, पुरे. रात्रीच्याक त्रास होतलो."

"होवंदे."

भावोजी हसले. "खाऊ दे तिला. एरवी उपाशीच ठेवतेस."

मी परत ओट्याशी गेले. गॅस बंद केला. तिथेच उभी राहिले. ताटं उचलायच्या आधीच जाऊबाईंनी हाक मारली. सासूबाईंचा चेहरा आणि मान लालभडक झाली होती, गांधी उठल्या होत्या, त्या छातीवर हात दाबून बसल्या होत्या. भावोजींचंही तोंड लाल, ते खाजवत होते आणि काय होतंय ते त्यांना कळत नव्हतं. मग सासूबाई ओकल्या. अंगणाच्या कडेला नेईपर्यंत तीनदा.

रिक्षा मी आणली, अनवाणी धावत जाऊन. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं.

"काय खाल्लं होतं?"

"बांगडे," मी म्हटलं.

"माशाला वास येत नव्हता का?"

भावोजी शेजारच्या खाटेवर बसले होते, हाताला कापूस धरून. ते म्हणाले, "मला काय माहीत? रांधते ती."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, कागदावर लिहीत राहिले. मला तो माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

सासूबाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. वय होतं, छाती धडधडत होती म्हणून ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा त्या जाग्या होत्या. नवरा बाहेर औषधं आणायला गेला होता. मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तुका वास इल्लो," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मी चमचा वाटीत ठेवला. "मी भावोजींका सांगितलंय, बघून जावा म्हणान."

"चेडवाक खावक दिलंस नाय तू."

मुलीला मी माशाला हात लावू दिला नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं.

"तो येडो आसा," त्या म्हणाल्या. "तेका कळाक नाय. तुका कळलेला. तू जाणान केलंस."

मी रडले नाही. मला राग आला. चौदा वर्षं या बाईच्या तोंडात मी ऊन ऊन पिठी घातली होती, स्वतः भाकरीच्या कडा खाऊन. तिच्या मुलानं मला गावभर उधळी ठरवलं तेव्हा ती गप्प होती. आणि आता न्याय करायला बसली होती. हे सगळं मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की ती म्हणते त्यातला एकही शब्द खोटा नाही. मी वाटी उचलली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, दोन चुली करा. भावोजी काही बोलायला लागले तर हातानंच थांबवलं. नवऱ्यानं विचारलं, "आणि आई, तू खंय जेवतलंस?" मला खात्री होती. एवढं सगळं होऊनही मला खात्री होती.

"थोरल्याकडे," त्या म्हणाल्या.

भावोजींनी पडवीची बाजू घेतली आणि तिथे पत्रा मारून स्वयंपाकघर केलं. फ्रीझर भंगारात गेला. त्यांनी माझी माफी मागितली नाही, मी त्यांची मागितली नाही. जाऊबाईंची मात्र मागितली, विहिरीवर, दोघीच होतो तेव्हा. त्यांनाही त्या दिवशी मळमळत होतं, अंगाची आग होत होती, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला पण वास आला होता. फ्रीझरचं पाणी मीच पुसलं." आणि कळशी उचलून निघून गेल्या. त्यांनी मला माफ केलं की आरोपात वाटेकरी झाल्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीला मी सासूबाईंसाठी पिठीची वाटी पाठवायचे. ती भरलेलीच परत यायची. तीनदा आली, मग मी पाठवणं थांबवलं.

गेल्या वर्षी बाजारात भावोजी दिसले. एका मासेवालीच्या टोपलीसमोर वाकून उभे होते. ती सौंदाळ्यांचा वाटा पिशवीत भरत होती आणि त्यांना सांगत होती, "आत्ताच होडी इली, भाऊ." मी चार हात लांब होते. तिथूनही दिसत होतं की मासे कालचे आहेत. मला निघून जाता आलं असतं. आमचं बोलणं नव्हतं, आजही नाही.

"तेंका तां देव नको," मी मासेवालीला म्हटलं. "शिळा आसा. घरात म्हातारा माणूस आसा."

ती माझ्यावर खवळली. चार बायका वळून बघायला लागल्या. भावोजींनी पिशवी तिच्या टोपलीवर रिकामी केली आणि माझ्याकडे न बघता चालू पडले. संध्याकाळी पत्र्यापलीकडून त्यांचा आवाज आला, मला ऐकू यावा असा. "बाजारात माझी लाज काढली तिनं. चार माणसांत." जाऊबाईंचं उत्तर ऐकू आलं नाही. फोडणीचा आवाज मात्र आला. मासे नव्हते, कसलीतरी भाजी होती.

दोन चुलींनी कुणाचंच भलं झालेलं नाही. एकत्र होतो तेव्हा एका नारळात जे भागायचं त्याला आता दोन फुटतात, दोन सिलिंडर, दोन ठिकाणी तेल. माझ्याकडे चार माणसं आहेत आणि अजूनही मी थोडक्यात भागवते. आता मात्र नवऱ्याला आणि मुलांना सांगते, हे कुठून आलं, यात काय घातलं, किती वाचलं. त्यांना ऐकून कंटाळा येतो. येऊ दे.

मुलगी कॉलेजला जाते आता. दर रविवारी ती पलीकडे जाते, आजीची नखं कापते, केस विंचरते. परत आली की मी काही विचारत नाही, ती आपणहून सांगते. परवा म्हणाली, "आजी विचारत होती, तुझी आवस काय रांदता आज."

"मग? काय सांगितलंस?"

"पिठी."

"काय म्हणाली?"

"काय नाय," मुलगी म्हणाली. "नुसता विचारल्यान."